चांदी स्वस्त, खोबण महाग: रोमन खंजिरांवरचं जडावकाम

रोमन पायदळातला साधा सैनिक उजव्या कमरेला तलवार लावायचा आणि डाव्या कमरेला खंजीर. या खंजिराला ते पुगिओ म्हणत. पातं वीतभर किंवा त्याहून थोडं जास्त लांब, चांगलं रुंद, कमरेपाशी किंचित आत घेतलेलं, टोकाकडे पानासारखं निमुळतं होत गेलेलं आणि मधोमध उठावाची शीर. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसनं जी चांदीची नाणी पाडली त्यांच्यावर दोन खंजीर आहेत, ते याच जातीचे. मूळ घडण स्पेनमधल्या टोळ्यांची. तिथल्या लढायांमध्ये रोमनांनी ती पाहिली आणि उचलली.

हत्यार म्हणून पुगिओत फार नवलाचं काही नाही. बघत राहावं असं असतं ते त्याचं म्यान. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढची शंभरेक वर्षं ऱ्हाईन आणि डॅन्यूब नद्यांच्या काठांवरच्या छावण्यांत जी म्यानं वापरात होती, त्यांतल्या बऱ्याच म्यानांचा दर्शनी पत्रा लोखंडी आहे आणि त्या लोखंडात चांदीच्या किंवा पितळेच्या रेघा बसवून नक्षी काढलेली आहे. गोलात कोंडलेली फुलं, ताडपत्रासारखी पानं, चंद्रकोरी, शंकरपाळ्यांच्या रांगा, कधी देवळाचा दर्शनी भाग. मधूनमधून लाल मीना. काही वेळा मूठही अशीच सजवलेली.

आज या खंजिरांच्या प्रतिकृतींचा चांगला बाजार आहे. युरोप-अमेरिकेत रोमन सैनिकांच्या वेशात प्रात्यक्षिकं करणारी मंडळं आहेत. ब्रिटनमधलं अर्माइन स्ट्रीट गार्ड हे त्यांतलं जुनं, १९७२ सालचं. त्यांना शिरस्त्राणं लागतात, चिलखतं लागतात, खंजीर लागतात. त्यातला बराच माल आपल्याकडे मेरठ आणि डेहराडूनला तयार होऊन तिकडे जातो. शिवाय संग्रहालयांना प्रदर्शनासाठी नकला हव्या असतात, आणि हौशी संग्राहक असतातच. एकाच नमुन्याच्या दोन प्रतिकृतींच्या किमतींत कित्येक पटींचं अंतर दिसतं. फोटोत मात्र दोन्ही सारख्याच वाटतात. हे अंतर बहुतेक वेळा पात्याच्या पोलादाचं नसतं आणि चांदीचंही नसतं. ते कशाचं असतं हे कळायला लोखंडात चांदी बसते कशी, तिथून सुरुवात करावी लागते.

ना डिंक, ना डाख

चांदीची तार लोखंडावर चिकटवलेली नसते आणि डाख देऊन जोडलेलीही नसते. लोखंडात खोबण कोरायची, तिच्यात तार ठेवायची आणि हातोडीनं ठोकायची, एवढंच. मग ती निघून का येत नाही? कारण खोबण माठासारखी कोरलेली असते, तोंड अरुंद आणि पोट रुंद. तार मऊ असते. ठोकली की ती पसरते, खालच्या रुंद जागेत भरते आणि तिथंच अडकते. वर यायचं तर तिला पुन्हा बारीक व्हावं लागेल, आणि ते ती आपणहून होत नाही.

ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की पहिली अडचण मापांची येते. म्यानाचा दर्शनी पत्रा जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीचा. त्यात खोबण करायची ती अर्धा मिलिमीटर खोल, एक मिलिमीटर रुंद. म्हणजे पत्र्याची तिसरा हिस्सा ते निम्मी जाडी कोरून काढायची आणि वर त्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच भिंती आतून तिरप्या करायच्या. कारागीर हे दोन-तीन फेऱ्यांत करतो. आधी टोकदार कोरणीनं रेघ पाडायची. मग चपट्या तोंडाच्या कोरणीनं तळ सपाट करायचा. शेवटी कोरणी आडवी कलती धरून दोन्ही भिंतींचा पाया पोखरायचा. हे पोखरताना कडेला लोखंडाची बारीक धार वर उठते. ती काढून टाकायची नाही. तार बसली की हीच धार तिच्यावर आत दुमडायची असते; ती दुसरं कुलूप. काही जण खोबणीच्या तळाला छोट्या छिन्नीनं काटेही उठवतात, म्हणजे तार खालूनही धरली जाते.

लोखंड कोरणं हे चांदी किंवा तांबं कोरण्यासारखं नाही. कोरणी पोलादाची, पाणी दिलेली लागते आणि ती सारखी बोथट होते, त्यामुळे कामाचा मोठा वेळ कोरणीला धार लावण्यात जातो. रोमन काळातलं लोखंड भट्टीतून गोळा काढून ठोकून केलेलं असे. त्यात मळीचे बारीक धागे राहत आणि कोरणी अशा धाग्यावर आली की सटकते. आजचा मऊ पोलादी पत्रा एकजिनसी असतो, तेवढी आजच्या कारागिराची सोय. बाकी हाताला पडणारे कष्ट तेच.

तार तयार करणं त्या मानानं निवांत काम. चांदी ओढली, ठोकली की कडक होते. मग ती मंद लाल होईपर्यंत तापवायची, साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सिअस, आणि पाण्यात बुडवायची. पोलाद याहून जास्त तापवून असं बुडवलं तर कडक होतं, चांदी मात्र मऊ पडते. तार खोबणीपेक्षा किंचित उंच ठेवायची, कारण ठोकल्यावर तिचं वरचं अंग खाली आणि बाजूला जाणार असतं. उंची कमी पडली तर खोबणीचं पोट भरत नाही. जास्त झाली तर चांदी कडेवरून लोखंडावर सांडते, मग ती कानशीनं काढताना रेघेची कड फाटते.

आता एक फूल जवळून बघू. सहा पाकळ्यांचं फूल कंपासनं काढता येतं: एक वर्तुळ, त्याच त्रिज्येनं परिघावर सहा खुणा, आणि प्रत्येक खुणेवरून एकेक कमान. शाळेत प्रत्येकानं काढलेलं असतं. पण लोखंडात कोरताना मधोमध सहा पाकळ्यांची टोकं एका बिंदूवर येतात. तिथं बारा खोबणी अगदी शेजारी शेजारी, आणि त्यांच्या मधल्या लोखंडाच्या भिंती केसाएवढ्या. भिंतीचा पाया पोखरायला गेलात तर भिंतच निखळते. म्हणून मध्यावर यायच्या आधी थांबावं लागतं, आणि मधे एक छोटी चकती स्वतंत्र बसवून टोकं तिच्याखाली संपवायची. मी अशा प्रतिकृती भिंगाखाली धरतो तेव्हा पहिल्यांदा फुलाचा मध्यच बघतो. कारागिरानं तिथं काय तोडगा काढला त्यावरून त्याचा हात कळतो.

पाकळ्यांच्या आतली जागा भरायची असेल तर तारेचा उपयोग नाही. चांदीच्या पत्र्याचा त्या आकाराचा तुकडा कापायचा, लोखंडात त्याच आकाराचा उथळ खड्डा करायचा आणि फक्त कडा पोखरून तुकडा बसवायचा. मोठा तुकडा मधून फुगतो, कारण कुलूप फक्त कडेला असतं. म्हणूनच या पद्धतीच्या नक्षीत अखंड रुंद पृष्ठभाग कमी आणि रेघा, त्रिकोण, चंद्रकोरी जास्त असतात. नक्षी कशी असावी हे इथं निम्मं तरी कोरणीच ठरवते.

आणखी एक कटकट. इतक्या पातळ पत्र्यावर एकाच बाजूनं हातोडी पडत राहिली की ती बाजू ताणली जाते आणि पत्रा कमानीसारखा वाकतो. सोनार-तांबटांकडे यावर जुना उपाय आहे, राळ. पत्रा राळेच्या जाड थरावर चिकटवून काम करायचं. राळ पत्र्याला धरते आणि ठोका खाली शोषून घेते. तरीही काम संपल्यावर पत्रा थोडा सरळ करावा लागतोच, आणि सरळ करताना कुठं तरी एखादी तार उचलली जाते.

काळं लोखंड, लाल काच

सगळं कानशीनं एका पातळीवर आणलं, पॉलिश केलं की गंमत होते. नक्षी दिसेनाशी होते. घासलेलं लोखंड आणि घासलेली चांदी, दोन्ही पांढरी, दोन्ही चमकदार. दोन हातांवरून नुसता एक चकचकीत पत्रा दिसतो. पितळ निदान पिवळं असतं.

आपल्याकडच्या बिदरी कामात हा प्रश्न मातीनं सुटतो. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी बसवायची आणि बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर लावायची. मिश्रधातू काळाभोर होतो, चांदीला काही होत नाही. लोखंडाला याहून सोपा उपाय आहे, नुसती उष्णता. घासलेलं लोखंड तापवत गेलं की २२० अंशांच्या पुढे ते गवती पिवळं होतं, २८० च्या आसपास जांभळं आणि ३०० च्या जवळ निळं. आणखी तापवून तेलात बुडवलं तर काळं. चांदीला एवढ्या उष्णतेनं रंग चढत नाही. गडद निळ्या लोखंडावर चांदीची रेघ उठून दिसते, आणि बहुतेक चांगले प्रतिकृतीकार हाच मार्ग घेतात. मूळ म्यानांचा वरचा पृष्ठभाग गंजानं खाल्लेला असल्यामुळे हा निवड-निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा असतो. काही जण लोखंड चकचकीत ठेवतात. माझं मत विचाराल तर एवढ्या मेहनतीनं बसवलेली चांदी पाच पावलांवरून दिसूच नये, अशी सोय कुठला सैनिक पैसे देऊन करून घेईल असं मला वाटत नाही.

लाल मीन्याची कथा याहून अवघड आहे. मीना म्हणजे काच. हा अपारदर्शक लाल रंग काचेतल्या तांब्याच्या ऑक्साइडमुळे येतो. काचेची पूड खड्ड्यात भरून ८०० अंशांच्या आसपास वितळवायची. चांदी वितळते ९६२ ला, त्यामुळे अंतर आहे, पण कोळशाच्या भट्टीत ते अंतर डोळ्यांनी सांभाळायचं असतं. आता क्रम काय ठेवायचा? आधी मीना केला तर नंतर तार ठोकताना काच तडकते. आधी तार बसवली तर भट्टीत लोखंडावर काळी खपली चढते, आणि त्याहून वाईट म्हणजे चांदी लोखंडापेक्षा जवळपास दीडपट जास्त प्रसरण पावते. खोबणीत तिला पसरायला जागा नसते, म्हणून ती स्वतःतच दाबली जाते. थंड होताना तेवढीच जास्त आकसते आणि कडेला केसाएवढी फट सोडते. मग मीना सांभाळत, त्याच्यापासून दूरच्या तारा गुळगुळीत ठोकणीनं पुन्हा हलक्या हातानं बसवायच्या. मूळ वस्तूंमध्ये मीना कित्येक ठिकाणी गळून गेलेला असतो आणि रिकामे खड्डे उरलेले असतात, यात नवल नाही. आजच्या बहुसंख्य प्रतिकृतींमध्ये त्या जागी लाल रेझिन असतं. मला त्यात मोठा गुन्हा दिसत नाही, विकताना तसं सांगितलं तर.

हिशेब

एवढ्या सजावटीचं हत्यार साधा सैनिक कमरेला लावायचा, हे वाचून पहिला प्रश्न पैशाचा येतो. तर आकडेमोड करून बघू. समजा एका म्यानावरची सगळी तार उकलून सरळ केली आणि ती २ मीटर भरली. एक मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर खोल. म्हणजे बरोबर एक घन सेंटिमीटर चांदी, वजन साडेदहा ग्रॅम. ऑगस्टसच्या काळातला देनारियस हा चांदीचा शिक्का ३.९ ग्रॅमच्या आसपास होता. म्हणजे सगळी चांदी पावणेतीन देनारियसची. सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ देनारियस, रोजचे साधारण दहा अस. सोळा असांचा एक देनारियस. चार-साडेचार दिवसांच्या पगारात म्यानाची चांदी आली. जेवणाचे, कपड्यांचे, हत्यारांचे पैसे पगारातून कापले जात, हे धरलं तरी ही रक्कम आवाक्यातली आहे.

पण कारागिराचे दिवस? कोरणं, पोखरणं, ठोकणं, घासणं, मीना, मूठ, अस्तर, कड्या. खरा खर्च तो. खंजीर मिरवणारा सैनिक चांदीपेक्षा दुसऱ्याच्या हातांचे दिवस कमरेला लावून फिरत होता. बव्हेरियातल्या ओबरामरगाऊ इथं सापडलेल्या खंजीर-म्यानाच्या जोडीवर कारागिरानं स्वतःचं नावही घातलंय, गायस अँटोनियस, आणि पुढे 'यानं केलं' अशा अर्थाचा शब्द. हत्यारावर सहसा मालकाचं नाव सापडतं. इथं करणाऱ्याचं आहे, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

मिरवण्याची ही हौस त्या काळच्या लेखकांनीही टिपलेली आहे. सीझर आपल्या सैनिकांना सोन्या-चांदीनं सजवलेली हत्यारं वापरायला लावायचा असं स्वेटोनियस सांगतो. दिसायला छान म्हणून, आणि गमावण्याच्या भीतीनं सैनिक ती लढाईत घट्ट धरून ठेवतील म्हणून. थोरला प्लिनी कुरकुरतो की सैनिकांच्या मुठी चांदीनं मढलेल्या आणि म्यानं साखळ्यांनी छुमछुमतायत. टॅसिटस इसवी सन ६९ मधल्या ऱ्हाईनकाठच्या बंडाबद्दल लिहितो की सम्राटपदावर दावा सांगणाऱ्या व्हिटेलियसच्या बाजूच्या सैनिकांकडे रोख पैसे नव्हते, त्यांनी पट्टे, पदकं आणि चांदीनं सजवलेली हत्यारं वर्गणी म्हणून दिली. चांदीचा पट्टा असा मोडीत देता येतो, त्यात जाड पत्रा असतो. म्यानातली चांदी मोडीत काढायची तर कोरून बाहेर काढावी लागेल आणि हातात येतील दहा-बारा ग्रॅम. पैसा साठवायची जागा म्हणून हे म्यान कुचकामी. ते लोकांना दिसण्यासाठीच होतं. थडग्यांवरच्या मूर्तींतही हे दिसतं. जर्मनीतल्या बाड क्रॉयत्सनाखच्या आन्नाइयुस दावेर्झुस या सैनिकाच्या दगडावर कमरेचे पट्टे आणि खंजीर शिल्पकारानं किती निगुतीनं काढलेत ते पाहावं.

गंजाच्या आत काय आहे

प्रतिकृती करायची तर मूळ वस्तू नीट दिसायला हवी, आणि जमिनीतून निघतो तो बहुधा गंजाचा लांबट गोळा. यालाही कारण तीच जोडी, लोखंड आणि चांदी. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओल्या मातीत पडले की त्यांची छोटी विद्युतघट तयार होते, आणि त्यात झीज सोसायची पाळी लोखंडावर येते. चांदी शाबूत, तिच्या शेजारचं लोखंड फुगून गंजलेलं. नक्षी असते, पण गंजाच्या पोटात आणि कधी कधी मूळ जागेवरून सरकलेली.

म्हणून पहिलं काम एक्स-रेचं. चांदी लोखंडापेक्षा घन आणि जड अणूंची, त्यामुळे एक्स-रेमध्ये ती पांढरी लखलखीत दिसते. गोळा न फोडता फुलं मोजता येतात. पितळ मात्र लोखंडाच्या इतकं जवळचं आहे की त्याची रेघ फिकट उमटते आणि सहज नजरेतून सुटते. एक्स-रेनंतर बारीक वाळूच्या झोतानं आणि छोट्या ग्राइंडरनं, सूक्ष्मदर्शकाखाली, गंज उतरवायचा. २०१९ मध्ये जर्मनीत हाल्टर्न इथल्या एका कबरीत असाच गोळा सापडला. तो साफ करायला नऊ महिने लागले. आतून निघालं ते चांदीचं जडावकाम, काच आणि लाल मीना असलेलं म्यान, आतलं लिंडेनच्या लाकडाचं अस्तर आणि शेजारी पट्टा. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये क्राप सेस या खिंडीपाशी, इसवी सनापूर्वी १५ च्या सुमारास जिथं रोमन फौजेची स्थानिक टोळ्यांशी चकमक झाली त्या जागी, पितळ आणि चांदीचं काम असलेला खंजीर मिळाला. नकला करणाऱ्यांसाठी असे शोध म्हणजे पर्वणीच. माइन्झच्या रोमन-जर्मन मध्यवर्ती संग्रहालयाच्या कार्यशाळेत १८५२ पासून अशा वस्तूंच्या नकला होत आल्या आहेत. आता त्या संस्थेचं नाव बदललंय.

खोबण टाळण्याच्या वाटा

आता बाजारातल्या प्रतिकृतींकडे येऊ. स्वस्त प्रतिकृतीत जे जे वेगळं असतं, ते सगळं मला एकाच गोष्टीसाठी केलेलं दिसतं: खोबण कोरावी लागू नये.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे ॲसिड. पत्र्यावर लाखेचं आवरण द्यायचं, नक्षीपुरतं उघडं ठेवायचं, ॲसिडमध्ये बुडवायचं आणि झालेल्या खड्ड्यात रुपेरी किंवा सोनेरी रंग भरायचा. ॲसिड खाली खातं तसं बाजूलाही खातं, म्हणून कडा मऊ, गोलसर होतात आणि सगळीकडे खोली सारखी असते. रंग नखानं निघतो किंवा दोन पावसाळ्यांत स्वतःहून निघतो. दुसरी वाट मुलाम्याची: नक्षी सोडून बाकी झाकायचं आणि विजेच्या साहाय्यानं चांदीचा थर द्यायचा. दिसायला देखणं, पण थर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत मोजायचा. कडेला घासला गेला की संपला. तिसरी वाट पितळेच्या पत्र्यातून नक्षी कापून ती वरून रिव्हेटनं ठोकायची. बोट फिरवलं की उठाव लागतो. खऱ्या जडावकामात बोटाला काहीच लागत नाही. चौथी वाट ॲसिडच्या खड्ड्यात कथिलाचा डाख वितळवून ओतायची आणि घासून सपाट करायची. ही सगळ्यात फसवी, कारण पृष्ठभाग सपाट असतो आणि धातूही खराच असतो. पण कथिल चांदीसारखं उजळत नाही, राखाडी राहतं, आणि सुईनं सहज ओरखडा पडतो. शिवाय त्यात जोड दिसत नाहीत.

जोड दिसणं ही खऱ्या कामाची खूण आहे, आणि नेमकं तेच अनेकांना दोष वाटतं. तार त्रिकोणाच्या कोपऱ्यात वळवता येत नाही, तिथं ती तोडून दुसरी लावावी लागते. भिंगाखाली त्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसते. वर्तुळ जिथं पूर्ण होतं तिथंही. सरळ रेघेची रुंदी हाताच्या दाबानुसार किंचित कमी-जास्त होते. ओतलेल्या किंवा रंगवलेल्या नक्षीत हे काही नसतं. तिथं रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी वाहते.

मधल्या दोन वाटा मात्र मी फसवणुकीत धरत नाही. एक आपली कोफ्तगिरी. पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांत तलवारी-कट्यारींच्या मुठींवर जे सोन्या-चांदीचं काम दिसतं त्यातलं पुष्कळसं हेच. पोलादावर सुरीनं बारीक आडव्या-उभ्या चिरा पाडायच्या, पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत करायचा आणि त्यावर बारीक तार दाबून बसवायची. खोबण नाही, म्हणून वेळ कितीतरी कमी, धातूही कमी. राजस्थानात हे काम आजही होतं. रोमन म्यानासाठी ती पद्धत चुकीची, पण काम हाताचं आणि अस्सल. कडांवर झिजल्यावर खालच्या चिरा दिसू लागतात, ती तिची ओळख. दुसरी वाट यंत्रानं खोबण कापून तार हातानं बसवण्याची. संगणकावर नक्षी, फिरत्या पात्यानं खोबण. यात वेळ खूप वाचतो, पण पातं गोल फिरतं म्हणून आतले कोपरे टोकदार येत नाहीत, आणि भिंती सरळ उभ्या येतात. पाया पोखरायला शेवटी माणूस कोरणी घेऊन बसतो. तो बसलाच नाही, तर तार काही दिवस राहते आणि म्यान एकदा दगडावर आपटलं की उचलते.

काम कितीही चांगलं असलं तरी काळ जुळला नाही तर ती प्रतिकृती फसते. सजवलेली म्यानं पहिल्या शतकाबरोबर मागे पडत गेली. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या विजयस्तंभावर, इसवी सन ११३ मध्ये, सैनिकांच्या कमरेला खंजीर कोरलेले नाहीत. तिसऱ्या शतकात पुगिओ पुन्हा मोठ्या प्रमाणात दिसतो. बव्हेरियातल्या क्युंत्सिंगला गंजलेल्या लोखंडाचा जो मोठा साठा मिळाला त्यात खंजीर आणि म्यानं भरपूर आहेत. पण ती रुंद, दणकट आणि साधी. तिसऱ्या शतकाचा वेश करून कमरेला चांदीचं फुलांचं म्यान लावणारे लोक प्रात्यक्षिकांत हमखास भेटतात. त्यांना कुणी टोकत नाही, कारण फोटो छान येतो.

कुणाला अशी प्रतिकृती करून घ्यायचीच असेल तर चांदीच्या शुद्धतेची चौकशी नंतर करावी. आधी कारागिराकडे एक फोटो मागावा: खोबणी कोरून झाल्यात आणि तार अजून बसवलेली नाही, अशा अवस्थेतला पत्रा, बाजूनं उजेड टाकून काढलेला. तिरप्या उजेडात खोबणीच्या कडेची उठलेली धार आणि पोखरलेल्या भिंतीची सावली स्वच्छ दिसते. ज्याच्याकडे हा फोटो आहे तो किंमत जास्त सांगेल, आणि घासाघीस करायला त्याच्याकडे फारशी जागा नसेल.